बाबांना नेमकं कशाचं वावडं?

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या लघवीच्या पिशवीतली कॅन्सरची गाठ दुर्बिणीतून काढली. तेव्हापासून ठरावीक महिन्यांनी दुर्बीण घालून तपासणी होते. पाचव्या तपासणीनंतर तळहात-तळपाय खूप खाजले, पण ते आपोआप थांबलं म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. सहाव्या वेळी तपासणी संपून वीसेक मिनिटं झाली असतील, बाबा कपडे घालत होते आणि अंगभर पित्त उठलं, ओठ सुजले, बीपी एकदम खाली गेलं, ते कोसळले. डॉक्टरांनी इंजेक्शनं देऊन सावरलं, रात्रभर ठेवून घेतलं. तपासणीच्या तासभर आधी शिरेतून अँटिबायोटिक दिलं होतं, म्हणून कार्डावर ‘अँटिबायोटिकची ॲलर्जी’ असं लिहिलं आहे. माझी धाकटी बहीण दुसऱ्या एका रुग्णालयात एंडोस्कोपी विभागात सिस्टर आहे. ती म्हणते, दुर्बीण ज्या द्रावणात बुडवून ठेवतात त्याचं हे असू शकतं. तिला स्वतःलाही त्या खोलीत शिंका आणि खोकला सुरू होतो. डॉक्टरांना असं काही विचारलं तर त्यांना राग येईल का, अशी धास्ती वाटते. बाबा तर म्हणतात, आता तपासणीच नको. पुढची तारीख सहा आठवड्यांवर आहे. काय करू?

उत्तर : नमस्कार ताई,

तुमच्या बहिणीचा संशय रास्त आहे आणि तो डॉक्टरांपुढे मांडायलाच हवा. मी बाबांना तपासलेलं नाही, त्यामुळे ‘हेच कारण’ असं इथून छातीठोकपणे सांगणार नाही. पण तुम्ही लिहिलेली हकिकत वाचल्यावर, दुर्बिणीच्या द्रावणाचा विचार न करता पुढची तपासणी केली तर तो धोका ठरेल, एवढं मात्र खात्रीने सांगते.

आधी बाबांच्या ‘तपासणीच नको’बद्दल. जिवावर बेतलेल्या माणसाला पुन्हा त्याच टेबलावर झोपायची भीती वाटणारच, त्यात हट्टीपणा काही नाही. पण लघवीच्या पिशवीतला हा कॅन्सर पुन्हा पुन्हा उगवणारा असतो. म्हणूनच गाठ काढल्यावर पहिली तपासणी तीन महिन्यांनी करतात आणि धोका जास्त असेल तर पुढची दोनेक वर्षं दर तीन महिन्यांनी करत राहतात. सोनोग्राफीत बारीक गाठ निसटते, लघवीच्या तपासणीतही निसटते. आत डोकावून पाहण्याची जागा या दोन्ही तपासण्या घेऊ शकत नाहीत. तेव्हा तपासणी टाळणं हा मार्ग नाही. कशाने त्रास झाला ते शोधायचं आणि तीच तपासणी त्या गोष्टीशिवाय करून घ्यायची, हा मार्ग आहे. तो बहुतेक वेळा निघतो.

आता हे द्रावण काय असतं ते सांगते, कारण डॉक्टरांशी बोलताना तुम्हाला ते माहीत असलेलं बरं. कात्री-चिमट्यांसारखी धातूची हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेवर निर्जंतुक करता येतात. लवचिक दुर्बिणीच्या आत काचतंतू असतात, भिंगं असतात, सांधे चिकटवलेले असतात. त्या उष्णतेत ती टिकत नाही. म्हणून तिला रसायनात बुडवून जंतू मारावे लागतात, आणि ते मारणं अत्यंत गरजेचं आहे. नीट साफ न झालेल्या दुर्बिणीतून एकाचा संसर्ग दुसऱ्याला होऊ शकतो. या कामासाठी वर्षानुवर्षं ग्लुटारल्डिहाइड वापरलं गेलं. त्याचा वास उग्र, डोळे चुरचुरतात, आणि काम करणाऱ्यांना दमा लागल्याच्या तक्रारी इतक्या आल्या की पर्याय शोधला गेला. त्या शोधातून ऑर्थो-थॅलाल्डिहाइड, म्हणजे बोलीभाषेत ‘ओपीए’, पुढे आलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला १९९९ मध्ये मान्यता दिली. द्रावण अवघं ०.५५ टक्क्यांचं, मिसळामिसळ करायची गरज नाही, वास जवळजवळ नाही, आणि काही मिनिटांत काम होतं. साहजिकच ते जगभर पसरलं.

ओपीए प्रथिनांना घट्ट चिकटतं. तुमच्या बहिणीला विचारा, हातमोजा फाटून ते द्रावण बोटाला लागलं की कातडी काळपट-करडी पडते, आणि तो डाग धुऊन जात नाही, कातडी झडेपर्यंत राहतो. जंतूंच्या प्रथिनांना असं चिकटूनच ते जंतू मारतं. माणसाच्या बाबतीत अडचण याच गुणाची आहे. हा रेणू इतका लहान की एकट्याने आला तर शरीराची पहारेकरी यंत्रणा त्याची दखलही घेत नाही. पण तो आपल्याच रक्तातल्या किंवा ऊतींमधल्या प्रथिनाला चिकटला की जे जोडगोळीचं रूप तयार होतं ते शरीराला परकं वाटतं, आणि काही मोजक्या लोकांमध्ये त्याच्याविरुद्ध आयजीई जातीची, म्हणजे ॲलर्जी घडवणारी, प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार होऊ लागतात. पहिल्या-दुसऱ्या वेळी बाहेरून काहीच दिसत नाही. आत तयारी होत असते. मग एखाद्या वेळी नुसती खाज सुटते, आणि पुढच्या वेळी सगळं शरीर पेटून उठतं. तुमच्या पत्रातली पाचवी आणि सहावी तपासणी पुन्हा वाचून पाहा. ‘पाच वेळा काही झालं नाही, मग द्रावणाचा संबंध कसा?’ असं कुणी म्हणालं, तर ॲलर्जी बहुधा अशीच येते हे त्यांना सांगा.

आणि हा नुसता तर्क नाही. २००४ मध्ये ओपीएच्या उत्पादकानेच रुग्णालयांना कळवलं की लघवीच्या पिशवीची वारंवार दुर्बीण तपासणी झालेल्या काही रुग्णांना ॲनाफिलॅक्सिससारखी, म्हणजे सगळ्या शरीरात एकदम उसळून जिवावर बेतणारी, तीव्र रिअॅक्शन आली आहे. सुमारे १० लाख मूत्रमार्गाच्या तपासण्या आणि शस्त्रक्रियांमागे अशा २४ घटना नोंदल्या गेल्या होत्या: १७ अमेरिकेत, ६ जपानमध्ये, १ ब्रिटनमध्ये. बहुतेकांना हा त्रास चौथ्या ते नवव्या खेपेला झाला होता. त्यानंतर ज्यांना मूत्राशयाचा कॅन्सर झालेला आहे अशा रुग्णांवर वापरायच्या दुर्बिणी ओपीएमध्ये बुडवू नयेत, असा स्पष्ट इशारा त्या द्रावणाच्या माहितीपत्रकात आला. इशारा सगळ्या रुग्णांसाठी नव्हता, याच रुग्णांसाठी होता. म्हणजे तुमच्या बाबांसारख्यांसाठी नियम आधीच लिहिलेला आहे. तो प्रत्येक विभागात, प्रत्येक नव्या कर्मचाऱ्यापर्यंत पोचतोच असं नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

दुर्बीण धुतात की, मग द्रावण आत जातं कसं, असा प्रश्न तुम्हाला पडेल. ओपीएतून काढलेली दुर्बीण भरपूर पाण्यात तीन वेळा बुडवून धुवायची असते, दर वेळी किमान एक मिनिट, आणि दर वेळी ताजं पाणी. दुर्बिणीच्या पोटात अरुंद नळ्या असतात, त्यांतूनही पाणी सोडावं लागतं. एकामागून एक तपासण्या लागलेल्या असतात तेव्हा तिसरं पाणी राहून जातं किंवा आधीचंच पाणी पुन्हा वापरलं जातं. कुणावर दोष ढकलायला मी हे सांगत नाही, कारण अगदी नीट धुतलेल्या दुर्बिणीवरही सूक्ष्म अंश राहू शकतो. ज्याला ॲलर्जी नाही त्याला त्या अंशाने काही होत नाही. ज्याच्या अंगात प्रतिपिंडं तयार आहेत त्याला तेवढाही पुरतो. म्हणून तुमच्याशी बोलताना कुणी ‘पुढच्या वेळी जास्त धुऊ’ असं म्हणालं तर नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा. बाबांच्या दुर्बिणीला ओपीए लागताच कामा नये.

मात्र इथे थांबून एकाच आरोपीवर शिक्का मारू नका. अँटिबायोटिकवर घाईने शिक्का मारला गेला, तीच चूक आपण द्रावणाच्या बाबतीत करायला नको. त्या दीड-दोन तासांत बाबांच्या शरीराशी कितीतरी गोष्टींचा संबंध आला. शिरेतलं इंजेक्शन होतं. दुर्बीण सरकावी म्हणून मूत्रमार्गात भरलेली जेली होती, त्यात लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध असतं. वरची कातडी कशाने तरी पुसली असेल. हातमोजे कदाचित लॅटेक्सचे असतील. कॅन्सर परतू नये म्हणून पिशवीत बीसीजी किंवा दुसरं औषध सोडत असतील तर तेही आलं.

यांत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती जेलीची. मूत्रमार्गात घालायच्या अनेक जेलींमध्ये क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक मिसळलेलं असतं. वेष्टनावर बारीक अक्षरात त्याचं नाव असतं, पण केसपेपरवर फक्त ‘जेली’ एवढंच लिहिलं जातं, पुष्कळदा तेही नाही. क्लोरहेक्झिडिन हे १९५० च्या दशकापासून वापरात असलेलं उत्तम जंतुनाशक आहे, पण त्याची ॲलर्जी जेव्हा येते तेव्हा ती फार जोरात येऊ शकते. ब्रिटनमध्ये भुलीच्या काळात आलेल्या ॲनाफिलॅक्सिसचा देशभर अभ्यास झाला, त्याचा अहवाल २०१८ मध्ये आला. ज्या घटनांचं कारण सापडलं त्यांतल्या सुमारे ९ टक्के क्लोरहेक्झिडिनमुळे होत्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये त्याबद्दल स्वतंत्र इशारा दिला. ते कातडी पुसायच्या द्रावणात असतं, मानेच्या शिरेत घालायच्या काही नळ्यांवर त्याचा लेप असतो, आणि चूळ भरायच्या औषधातही असतं. म्हणून बाबांना एक साधा प्रश्न विचारा : दाताच्या डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने चूळ भरल्यावर कधी ओठ खाजले, जीभ जड झाली, अंगावर गांधी उठल्या का? ‘हो’ असेल तर ते कागदावर लिहून ठेवा.

वेळेचा हिशेबही बघा. शिरेतून दिलेल्या औषधाची ॲलर्जी असली की ती बहुधा औषध गेल्यावर काही मिनिटांतच दिसते. बाबांना इंजेक्शन मिळून तास उलटला होता, आणि त्रास झाला तो तपासणी संपल्यावर वीस मिनिटांनी. मूत्रमार्गाच्या आणि पिशवीच्या नाजूक अस्तरातून शोषल्या जाणाऱ्या पदार्थाला रक्तात पोचायला वेळ लागतो, तो या वेळेशी जास्त जुळतो. पाचव्या खेपेला खाज सुटली तेव्हा तेच अँटिबायोटिक दिलं होतं का, हे जुन्या कागदांत शोधा. दिलं नसेल तर अँटिबायोटिकवरचा संशय बराच पातळ होतो. दिलं असेल तर तो कायम राहतो, आणि मग त्याचीही तपासणी व्हायला हवी.

त्या शिक्क्याबद्दल आणखी सांगितल्याशिवाय राहवत नाही. कार्डावर अँटिबायोटिकच्या ॲलर्जीची नोंद आली की ती जन्मभर चिकटते. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं ज्यांच्या कागदांवर लिहिलेलं असतं, त्यांची रीतसर तपासणी केली तर दहांपैकी नऊ जणांना ती नसते, असं वेगवेगळ्या देशांत दिसून आलं आहे. बाबांना पुढे कधी खरोखर संसर्ग झाला तर या नोंदीमुळे नेमकं औषध बाजूला राहील आणि दुय्यम औषध दिलं जाईल. शिवाय, दोष अँटिबायोटिकवर गेला की खरं कारण मोकळं राहतं आणि पुढच्या तपासणीच्या टेबलावर तसंच हजर असतं. तरीही ॲलर्जीची तपासणी होईपर्यंत ती नोंद तुम्ही होऊन खोडू नका, आणि घरी ते औषध देऊन पाहण्याचा विचारही करू नका.

हा नुसता भीतीने आलेला झटका तर नव्हता, असंही कुणी म्हणेल. दुर्बीण तपासणीत माणसं घाबरून किंवा वेदनेने घेरी येऊन पडतात हे खरं आहे. पण तशा घेरीत माणूस पांढराफटक पडतो, घाम सुटतो, नाडी मंदावते आणि आडवं केलं की थोड्या वेळात सावरतो. अंगभर पित्त, ओठांना सूज आणि कोसळलेलं बीपी हे एकत्र आलं तर ती घेरी नव्हे. संसर्ग रक्तात पसरूनही बीपी पडतं, पण त्यात थंडी वाजून ताप येतो आणि बहुधा काही तासांनी.

आता काय करायचं ते. सहा आठवडे तुमच्या हातात आहेत, आणि ते सोयीचे आहेत, कारण मोठ्या रिअॅक्शननंतर कातडीवरची तपासणी लगेच केली तर ती फसवी ‘नाही’ दाखवू शकते. साधारण चार ते सहा आठवडे जाऊ देतात. आजच ॲलर्जीच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि घटना कोणत्या तारखेला घडली ते सांगा. कातडीच्या तपासणीचा मुहूर्त दुर्बिणीच्या तारखेच्या फार जवळ येत असेल तर दुर्बीण थोडी पुढे ढकलता येईल का, हे मूत्रविकारतज्ज्ञांनी ठरवायचं, तुम्ही नाही. क्लोरहेक्झिडिन, लॅटेक्स, काही अँटिबायोटिक्स यांच्यासाठी रक्तातल्या आयजीईची चाचणी होते, कातडीवर थेंब टाकून टोचायची चाचणीही होते. ओपीएसाठी अशी तयार, प्रमाणित चाचणी सहज मिळत नाही. अनुभवी केंद्रांत ते अतिशय पातळ करून कातडीवर पाहतात. म्हणून ओपीएच्या बाबतीत ‘चाचणी नाही म्हणजे ॲलर्जी नाही’ असा अर्थ काढू नये. तिथे हकिकत, वेळ आणि बाकीच्या संशयितांच्या चाचण्या यांवरूनच निर्णय करावा लागतो. कातडीच्या तपासणीआधी सेटिरिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात. किती दिवस, ते तपासणारे डॉक्टर सांगतील.

त्या दिवशी रक्तातलं ट्रिप्टेज मोजलं होतं का, हेही विचारा. हे द्रव्य ॲनाफिलॅक्सिसमध्ये वाढतं, पण ते पहिल्या चारेक तासांतच नीट पकडता येतं. रात्रभर बाबा तिथे होते, तेव्हा एखाद्या सजग डॉक्टरांनी नमुना घेतलाही असेल आणि अहवाल फायलीत पडून असेल.

बाबा बीपीसाठी कोणत्या गोळ्या घेतात तेही यादीत लिहा. बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असली तर ॲनाफिलॅक्सिसवर जे मुख्य इंजेक्शन देतात त्या ॲड्रेनलिनचा असर कमी पडू शकतो. गोळी मनाने बंद करायची नाही. डॉक्टरांना ठाऊक असलं की ते त्या तयारीत राहतात.

विचारताना डॉक्टरांना राग येईल अशी धास्ती तुम्हाला वाटते. माझा अनुभव सांगते : ‘तुमच्या दुर्बिणीमुळे झालं’ असं म्हटलं की समोरचा माणूस बचावाला उभा राहतो, ‘त्या दिवशी काय काय वापरलं त्याची यादी मिळेल का’ असं विचारलं की तोच माणूस स्वतः फाइल उघडून बसतो. तोंडी बोलण्यापेक्षा एक कागद द्या, कारण कागद फायलीला लागतो. असं लिहू शकता :

‘आदरणीय डॉक्टर, अमुक तारखेला तपासणीनंतर वडिलांना तीव्र ॲलर्जी आली, आपण वेळेवर उपचार केलेत याबद्दल आम्ही आभारी आहोत. ॲलर्जीच्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी त्या दिवशी वापरलेल्या सर्व गोष्टींची नावं हवी आहेत : शिरेतलं औषध आणि ते दिल्याची वेळ, मूत्रमार्गात घातलेल्या जेलीचं नाव आणि त्यातले घटक, कातडी पुसायचं द्रावण, हातमोज्यांचा प्रकार, आणि दुर्बीण ज्या द्रावणाने निर्जंतुक केली त्याचं नाव. याआधीच्या पाच तपासण्यांची हीच माहिती मिळाली तर उपकार होतील. निदान पक्कं होईपर्यंत पुढची तपासणी ओपीए न लागलेल्या दुर्बिणीने आणि क्लोरहेक्झिडिन नसलेल्या जेलीने करता येईल का, हे कृपया कळवावं.’

एवढं पुरे. त्यात आरोप नाही, आणि एकही गोष्ट सुटत नाही. दुर्बिणीचं द्रावण केसपेपरवर नसतं, पण निर्जंतुकीकरणाच्या खोलीत कोणती दुर्बीण कधी, कशात बुडवली याची नोंदवही असते किंवा असायला हवी. तिथल्या सिस्टरांना ते नाव तोंडपाठ असतं. जुनं सामान बदललं असेल तर तेही त्यांनाच आठवतं.

पर्याय बरेच आहेत. कडक धातूची दुर्बीण वाफेवर निर्जंतुक होऊ शकणारी असेल तर रसायनाचा प्रश्नच उरत नाही. ती थोडी जास्त दुखते, पण भूल देऊन करता येते. लवचिकच हवी असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा पेरासिटिक ॲसिड वापरणाऱ्या पद्धती आहेत, कंपनीने त्या दुर्बिणीसाठी त्यांना मान्यता दिलेली असावी लागते. एकदा वापरून टाकून द्यायच्या लवचिक दुर्बिणीही मिळतात. वर्षभर ओपीएत बुडत आलेली दुर्बीण ऐनवेळी दुसऱ्या द्रावणातून काढून वापरणं मला स्वतःला पुरेसं वाटत नाही. बाबांच्यासाठी वेगळी दुर्बीण मागा. जेली साध्या लिग्नोकेनची, जंतुनाशक नसलेली मिळते. हातमोजे लॅटेक्सविरहित घालायला कुणाचीच हरकत नसते.

‘आधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीची गोळी देऊ, मग काही होणार नाही’ असं सांगून जुन्याच पद्धतीने तपासणी होणार असेल तर ते स्वीकारू नका. या औषधांनी खाज आणि पुरळ दबतं, पण खरी ॲनाफिलॅक्सिस रोखली जाईल याची खात्री नसते, उलट सुरुवातीची धोक्याची खूण झाकली जाते.

तपासणी जिथे ॲड्रेनलिन, ऑक्सिजन आणि ते वापरू शकणारी माणसं आहेत अशाच ठिकाणी व्हावी. शिरेत सुई आधीच लावलेली असावी. संपल्यावर बाबांना लगेच उठून कपडे घालायला लावू नका. किती वेळ देखरेखीत ठेवायचं ते डॉक्टर ठरवतील, पण मागच्या वेळी विसाव्या मिनिटाला काय झालं ते आधी सांगून ठेवा. घरी आल्यावर पुन्हा अंगावर उठलं, घसा आवळला, चक्कर आली, तर त्यांना आडवं करा, पाय उंच ठेवा (श्वास घेणं जड जात असेल तर टेकवून बसू द्या), उभं करू नका, बसवून पाणी पाजू नका, आणि तातडीच्या सेवेला बोलवा. डॉक्टरांनी ॲड्रेनलिनचं पेन लिहून दिलं असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचायला एका क्षणाचाही उशीर नको. सेटिरिझिनने जीव वाचत नाही, ॲड्रेनलिनने वाचतो.

बाबांशी बोलताना आकडे आणि रसायनांची नावं बाजूला ठेवा. त्यांना एवढंच ऐकायचं आहे की मागच्यासारखं होऊ नये म्हणून कुणीतरी काहीतरी बदललं आहे. तेव्हा डॉक्टरांचं उत्तर आलं की तो कागद त्यांच्या हातात द्या आणि त्यांनाच वाचू द्या. कोणती दुर्बीण, कोणती जेली, हे त्यांनी स्वतः तपासणीच्या आधी टेबलाशी विचारावं, असंही सुचवा. आजारात सगळे निर्णय मुलं घेऊ लागली की मोठी माणसं ‘नको’ एवढाच निर्णय स्वतःकडे ठेवतात.

आता तुमच्या बहिणीचं. पत्रात तुम्ही तिच्याबद्दल एकच वाक्य लिहिलंय, पण मला ते बाबांच्या त्रासाइतकंच महत्त्वाचं वाटतं. रुग्णाचा या द्रावणाशी वर्षातून चार वेळा संबंध येतो, तिचा रोज. ग्लुटारल्डिहाइडमुळे कामाच्या जागी दमा होतो हे सर्वमान्य आहे. ओपीए हाताळणाऱ्यांनाही दमा आणि हातांना इसब झाल्याच्या नोंदी आहेत. ओपीएला वास जवळजवळ नसल्याने ‘हे सौम्य आहे’ असा समज पसरतो, भांड्यांची झाकणं उघडी राहतात, पंखा बंद असतो. नाक सावध करत नाही, म्हणून तिथे जास्त काळजी घ्यायची.

तिने आधी हे पाहावं की त्रास सुट्टीत कमी होतो का. आठवड्याची सुट्टी, लागोपाठची रजा, दुसऱ्या विभागातली ड्युटी, अशा दिवसांत खोकला ओसरत असेल आणि परतल्यावर पुन्हा येत असेल तर कारण कामाच्या जागी आहे. पीक फ्लो मीटर नावाचं छोटं फुंकायचं उपकरण असतं. त्यात दिवसातून निदान चार वेळा फुंकून आकडे लिहायचे, कामाच्या आणि सुट्टीच्या दोन्ही दिवसांत, दोन ते चार आठवडे. ती वही घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जावं. नुसतं ‘सर्दीचं वावडं आहे’ म्हणून गोळ्या घेत राहिली तर वर्ष निघून जाईल, आणि कामातून लागलेला दमा जितका उशिरा ओळखला तितका तो नोकरी सोडल्यावरही मागे राहण्याची शक्यता वाढते.

तोपर्यंत द्रावणाचं भांडं झाकलेलं, खोलीत हवा बाहेर ओढणारी सोय, हातात नायट्राइलचे लांब हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, अंगावर पाणी न शोषणारा एप्रन. साध्या लॅटेक्सच्या हातमोज्यांतून ही रसायनं आत झिरपतात. शस्त्रक्रियेचा कापडी-कागदी मास्क वाफ अडवत नाही, त्याच्या भरवशावर राहू नये. जिथे शक्य आहे तिथे हाताने बुडवण्याऐवजी बंद यंत्रात धुण्याची पद्धत मागणं हा तिचा हक्क आहे. आणि निदान पक्कं झालं तर त्या खोलीतून बदली मागणंही. एकदा ॲलर्जी बसली की ‘थोडंसं चालेल’ असं काही राहत नाही. हातांना भेगा पडत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्यावी. पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवसांनी काढतात आणि त्यानंतर पुन्हा एक-दोनदा पाहतात. रसायनाने नुसती कातडी सोलवटली की खरंच ॲलर्जी आहे, हे त्यातून कळतं.

आणि तिच्या बाबतीत निदान ओपीएचं किंवा ग्लुटारल्डिहाइडचं निघालं, तर तिने ते फक्त नोकरीच्या फायलीत ठेवू नये. तिची स्वतःची कधी घशाची, पोटाची किंवा लघवीच्या पिशवीची दुर्बीण तपासणी व्हायची वेळ आली, तर दुर्बीण कशात बुडवली आहे हा प्रश्न तिलाही लागू होईल. बाबांच्या कागदासारखा एक कागद तिच्या नावाने करून तो तिच्या वैद्यकीय फायलीत लावून ठेवा.